ब्रेक बराबर होते

संघपाल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात आमची घरं एकाच गल्लीत. मी शिकून मास्तर झालो. तो अकोल्याच्या एका गॅरेजात आठ वर्षं हात काळे करून परत आला आणि वाशीम रोडवर त्यानं स्वतःची पत्र्याची शेड टाकली. त्यालाही आता वीस वर्षं होतील.

आमच्या तालुक्यात कुणाची कुठली वस्तू कशात बसत नसली, की लोक म्हणायचे, "संघपालकडं ने." जीपला दुसऱ्याच गाडीचा दरवाजा, थ्रेशरला बंद पडलेल्या पंपाची पुली, एवढंच काय, एका ऑटोला त्यानं शिलाई मशीनचं पायदान बसवलं होतं आणि तो ऑटो पुढं दोन वर्षं चालला. वस्तू हातात घेऊन तो मान जरा तिरकी करायचा, अंगठ्यानं कडा चाचपायचा आणि म्हणायचा, "बसते." मग ती बसायचीच. दारू नाही, जुगार नाही, कुणाशी भांडण नाही. काहीही बसवून दाखवतो, हा एकच अभिमान त्याला होता आणि तो त्याला शोभायचाही.

राखी मॅडम आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. घर किन्हीराजा गावाला. नवरा हरीओम शेती पाहतो, सोयाबीन आणि हळद. मॅडम एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या आणि स्वतःच्या पगारातून एक जुनी पांढरी गाडी घेतली. घरात ते फारसं कुणाला आवडलं नव्हतं. हरीओम म्हणायचा, एस.टी. काय वाईट आहे? कौतुक होतं ते फक्त सासूला. गोजराबाईंचं वय सत्तरच्या पुढं. सून गाडी काढायला लागली की त्या नऊवारीचा पदर खोचून पुढच्या सीटवर बसायच्या आणि गल्लीतल्या बायकांकडं बघत जायच्या. आम्ही शाळेतले पुरुष मात्र मॅडमच्या ड्रायव्हिंगवर हसायचो. त्या गाडी लावायला लागल्या की कुणीतरी खिडकीतून म्हणायचं, "भिंत सांभाळा." मीही म्हटलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीन कापणीचे दिवस होते. गाडीचे पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले होते म्हणून मॅडमनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गाडी संघपालकडं आणली. संघपालनं शेडसमोरच्या मोईनच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पॅडचा डबा मागवला. कंपनीचा माल शिल्लक नव्हता, दुसरा होता. डबा उघडून संघपालनं पॅड जागेवर धरला, तर तो जाईना. पॅडच्या लोखंडी पाटीला दोन्ही टोकांना कान असतात, ते खाचेत बसतात. हे कान अर्ध्या मिलिमीटरनं जाड निघाले.

तो डबा घेऊन दुकानात गेला. मोईननं पॅड उलटापालटा करून पाहिला.

"भाऊ, हे नाही बसणार. डब्यावर नंबर बराबर आहे, पण अंदर माल गलत आला. कालच एकानं असाच डबा वापस आणला. सोमवारी अकोल्याहून कंपनीचा मंगवतो. तवर थांबा."

"पायतो थोडी कानस मारून."

"कायले भाऊ? ब्रेकचं काम आहे. वापस करून टाका ना."

"अबे मोईन," संघपाल हसत म्हणाला, "संघपालच्या हातानं बसणार नाई अशी चीज यायची आहे अजून."

दुकानात आणखी दोघं-तिघं उभे होते. ते हसले. संघपाल डबा घेऊन परत आला.

राखी मॅडमनीसुद्धा त्याला सांगितलं होतं, "संघपालभाऊ, मले काई घाई नाही. गाडी राहू द्या इथंच. दोन दिवस मी एस.टी.नं जाईन."

"काहून थांबता मॅडम? पाच वाजेपर्यंत गाडी घेऊन जा."

हे सगळं मला नंतर त्यानंच सांगितलं. मोईन थांब म्हणाला, मॅडम थांबा म्हणाल्या, हे दोन्ही त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. आपल्याला थांबायची जागा होती, हे कुणाच्या लक्षातून सुटू नये अशा रीतीनं.

उजव्या चाकाचे दोन्ही पॅड त्यानं मन लावून केले. कानस मारायची, बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा मारायची. पॅड बोटानं ढकलला की सरकला पाहिजे आणि बोटानंच मागं आला पाहिजे, असा त्याचा नियम. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅडही तसाच झाला. आतला राहिला. साडेचार वाजून गेले होते. मॅडम येऊन स्टुलावर बसल्या होत्या आणि मांडीवर वह्या घेऊन तपासत होत्या. तो पॅड बोटानं अर्धा गेला आणि अडकला. काढून पुन्हा कानस मारायची, तर आणखी वीस मिनिटं. संघपालनं लाकडाचा तुकडा लावला आणि हातोडीचे दोन ठोके मारले. पॅड गेला.

"मले आनंद झाला, सांगतो तुले," तो मला म्हणाला. "ठोकून बसला, तरी बसला म्हणून आनंद झाला."

चाक लावलं, गाडी शेडपुढच्या रस्त्यावर फिरवून आणली, ब्रेक कडक लागले. मॅडम गेल्या.

मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला. तो तेव्हा एका ट्रॅक्टरखाली होता.

"संघपालभाऊ, गाडीतून जळका वास येऊन राह्यला. पुढच्या चाकातून."

"नवे पॅड आहेत मॅडम. चार-आठ दिवस येते वास. घासून बसून जाईन."

"आणि डाव्या बाजूनं ओढते थोडी."

"चाकातली हवा पाहून घ्या."

फोन खिशात ठेवताना त्याला ते दोन ठोके आठवले. गाडी आणायला सांगावी, असं मनात आलं. पण मंगळवार ट्रॅक्टरात गेला, बुधवारी कुणाचं तरी इंजिन उघडलेलं होतं. त्यानं फोन केला नाही.

गुरुवारी मॅडमनी सुट्टी घेतली. गोजराबाईंना मोतीबिंदू झाला होता, वाशीमला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. किन्हीराजाहून निघाल्या, सासू नेहमीप्रमाणं पुढं. दहा-बारा किलोमीटर आल्यावर रस्ता उतरतो आणि खाली नाल्यावर लहान पूल आहे. पुलाच्या अलीकडं सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात उभी होती. मॅडमनी लांबूनच ब्रेक दाबला. गाडी आधी डावीकडं ओढली गेली. मग त्यांच्या पायाखालचा ब्रेक मऊ झाला आणि खाली गेला, थेट तळाला टेकला. गाडी थांबली नाही. ती रस्ता सोडून डावीकडं उतरली आणि पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. गोजराबाई बसल्या होत्या, त्याच बाजूनं.

मॅडमना ओरखडासुद्धा आला नाही. गोजराबाईंचा डावा हात मनगटात मोडला आणि खांद्याचं हाड सरकलं.

अर्ध्या तासात किन्हीराजाहून माणसं आली. हरीओम आला. कुणीतरी गाडीत बसून ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक दगडासारखा कडक होता. दुसऱ्यानं दाबला, तिसऱ्यानं दाबला. तिघांच्याही पायाला ब्रेक लागला.

"ब्रेक तं एकदम बराबर आहे," ते म्हणाले. "बाईनं घाबरून ब्रेक सोडून रेसवर पाय देल्ला."

झालं. संध्याकाळपर्यंत किन्हीराजात तेच, दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत तेच. मॅडम सांगत होत्या, मी ब्रेकच दाबला होता. त्यांची सासू प्लास्टरमधला हात पोटाशी धरून सांगत होती, "मी पाह्यलं ना. सुनेचं पाऊल ब्रेकावरच होतं. दाबून-दाबून खाली गेलं होतं." पण हरीओम म्हणाला, "माय, तुले मोतीबिंदू. तुले समोरचा माणूस दिसत नाही, तुले खाली पाय दिसला?" आणि लोक हसले.

गाडी टोचन करून संघपालकडंच आणली. डावा दिवा फुटला होता, मडगार्ड आत गेलं होतं, पण चाक सरळ होतं. हरीओम शेडच्या बाहेर फोनवर कुणाला तरी अपघात सांगत उभा राहिला. संघपालनं डावं चाक काढलं.

त्यानं आतला पॅड बोटानं ओढला. हलला नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून पाहिला, हलला नाही. शेवटी हातोडीनं मागून ठोकून काढावा लागला. निघाला तो जळून कोळसा झालेला. चाकाची डिस्क एका बाजूनं निळी पडली होती. त्याला सगळं जिथल्या तिथं समजलं. पॅड खाचेत दाटून बसला, ब्रेक सोडल्यावरही मागं आलाच नाही. गाडी चालत राहिली तसा चाकाला घासत राहिला. चाक तापलं, ब्रेकचं ऑइल उकळलं, ऐन उतारावर ब्रेक मऊ पडला. आणि माणसं जमेपर्यंत सगळं थंड होऊन ब्रेक पुन्हा कडक. मॅडमचं पाऊल ब्रेकवरच होतं.

तेवढ्यात हरीओम आत आला.

"संघपाल, एक विचारतो. ब्रेक तं बराबर होते ना?"

संघपालच्या हातात तो पॅड होता. त्यानं तो पायाजवळच्या डब्यात टाकला.

"ब्रेक बराबर होते," तो म्हणाला.

"मंग तेच. म्हटलं होतं मी तिले, तुयानं होत नाही."

हरीओम निघून गेला.

नवी डिस्क, नवे पॅड लागणार होते. तो मोईनकडं गेला. आता कंपनीचा माल आला होता. मोईननं डबा काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "त्याच गाडीचे? पहिल्यावाल्याचं काय झालं?"

"संपले."

"पाच दिवसात?"

संघपालनं खिशातून पैसे काढून मोजायला घेतले. मोईननं पुढं विचारलं नाही. त्यानं डबा कागदात गुंडाळला. कधी नव्हे ते, चहा घेता का असंही विचारलं नाही.

गाडी दुरुस्त होऊन किन्हीराजाला गेली आणि घरासमोर ताडपत्री टाकून उभी राहिली. मॅडम एस.टी.नं यायला लागल्या.

त्या दोन महिन्यांत संघपाल बदलत चालला होता, ते आम्हाला दिसत होतं, पण समजत नव्हतं. कुणी काही बसवायला आणलं, की तो म्हणायचा, "नाई बसत. दुसरं आणा." ब्रेकचं काम आलं, की चाक लावून पुन्हा काढायचा, पुन्हा लावायचा. एकदा एका गिऱ्हाइकाला त्यानं तीनदा परत बोलावलं. जेवण कमी झालं. त्याची बायको वर्षाराणी माझ्या बायकोला म्हणाली, "कोणाशी भांडले का, इचारलं, तं म्हणतात नाई. अंग दुखते का, तं नाई. ताट पुढं करून नुसते बसून राह्यतात." एक दिवस संत्री घेऊन तो गोजराबाईंना भेटायला निघाला. किन्हीराजाच्या फाट्यापर्यंत गेला. तिथं एस.टी.ची वाट बघत राखी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी त्याला पाहून मान हलवली. तो तिथूनच मोटरसायकल वळवून परत आला. संत्री त्यानं रस्त्यात एका शाळेच्या पोरांना देऊन टाकली.

डिसेंबरात मी माझी मोटरसायकल सर्व्हिसिंगला घेऊन त्याच्याकडं गेलो. काम चालू असताना गप्पा मारत होतो. मी काय सांगितलं ते लिहितो, कारण त्यात माझाही वाटा आहे.

मी म्हणालो, "आमच्या राखी मॅडम गाडी इकून राह्यल्या. आता तं स्वतःच म्हणतात, माह्या पायाचंच चुकलं असंन. अन् गंमत सांगू का? स्टाफरूममध्ये टेबलाखाली त्यांचा उजवा पाय चालू असते. उजवीकडं, मधात. उजवीकडं, मधात. आम्ही म्हटलं, मॅडम, ब्रेक मधला असते बरं."

आणि मी हसलो.

संघपालनं पाना खाली ठेवला. "त्या काय बोलल्या?"

"कायी नाई. त्याही हसल्या. पाय मागं घेतला."

तो उठला. बादलीत हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर पालथ्या ड्रमवर बसला आणि वर मी लिहिलं ते सगळं त्यानं मला सांगितलं. कानस, दोन ठोके, फोन, जळका पॅड, हरीओमचा प्रश्न. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, उघड्या चाकाकडं बघत होता.

"लोक ब्रेक दाबून पाहून राह्यले होते, तवा मी तती नव्हतो," तो म्हणाला. "पण हरीओमनं मले विचारलं, तवा मी होतो. मी एक शब्द बोललो असतो, तं ते बाई सुटली असती. तिचा हात नाई मोडला म्हणून मले वाटलं ते वाचली. वाचली कुठं? मी तिचं पाऊलच तिच्यापासून काढून घेतलं."

त्या वेळी मी जे बोललो, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आता कायले काढतो भाऊ? दोन महिने झाले. म्हातारीचा हात जुळून राह्यला. धंदा बसंन तुया."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तू मास्तर आहेस ना?" एवढंच म्हणाला.

रविवारी तो माझ्या दारात आला. पांढरा शर्ट, केस विंचरलेले. "चाल माह्यासोबत," म्हणाला. "मी एकटा गेलो, तं फाट्यावरून वापस येईन."

किन्हीराजाला आम्ही दहाच्या सुमारास पोचलो. अंगणात गोजराबाई उन्हात बसल्या होत्या. प्लास्टर निघालं होतं, हात मांडीवर ठेवलेला. हरीओम हळदीच्या वावरात निघायच्या तयारीत होता. राखी मॅडम आमचा आवाज ऐकून बाहेर आल्या. मला संघपालसोबत पाहून त्यांना वाटलं, गाडीला गिऱ्हाईक आणलं.

"चहा ठेवते," त्या म्हणाल्या.

"चहा नोका ठेवू मॅडम," संघपाल म्हणाला. "बसाही नोका म्हणू. मी उभ्यानंच सांगतो." आणि त्यानं एका दमात सांगितलं, "गाडीचा ब्रेक फेल झाला होता. तुमच्या पायाची चूक नव्हती. माह्या हाताची होती. मी डाव्या चाकाचा पॅड ठोकून बसवला. तो दाटला, चाक तापलं, ब्रेक गेला. गाडी खोलली तवाच मले दिसलं. हरीओमभाऊनं विचारलं, तं मी खोटं बोललो."

मग गोजराबाई म्हणाल्या, "मी सांगून नव्हती राह्यली? खाली गेलं होतं पाऊल."

हरीओम पुढं आला. त्यानं संघपालच्या शर्टाला हात घातला. "मी तुले विचारलं होतं! तोंडावर विचारलं होतं!"

"हाव. विचारलं होतं."

"माह्या मायचा हात मोडला तुयानं!"

"हाव."

संघपालनं त्याचा हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. मी मध्ये पडायला गेलो, पण त्याआधीच मॅडम बोलल्या, नवऱ्याशी.

"त्यांना विचारलं तुमी. मले कुठं विचारलं?"

हरीओमनं मागं वळून पाहिलं.

"मी सांगितलं होतं, ब्रेक खाली गेला. पहिल्याच दिवशी सांगितलं. मायनं सांगितलं. तुमी गॅरेजवाल्याले जाऊन विचारलं."

हरीओमचा हात खाली आला. थोड्या वेळानं तो ओट्यावर बसला.

मॅडम संघपालकडं वळल्या. त्यांचा आवाज वर्गात असतो तसा होता, चढलेला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा.

"ब्रेक आधी मऊ झाला, मग खाली गेला. ऑइल उकळलं म्हणून?"

"हो."

"थंड झाल्यावर पुन्हा कडक झाला."

"हो."

"मी मंगळवारी फोन केला, वास येते म्हणून. तवा तुमाले माहीत होतं?"

संघपालला इथं सुटका होती. नाही म्हणाला असता, तर कुणाला कळणार होतं?

"शंका होती," तो म्हणाला. "मी तिकडं ध्यान नाई देल्लं."

मॅडम खांबाला टेकल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही. "दोन महिने," त्या म्हणाल्या. "दोन महिने मी रोज तो उतार उतरून राह्यली. डोळे मिटले की उतरते. आधी आठवायचं, पाय ब्रेकवर होता. मग आठवायचं, नाही, रेसवर असंन. आता मले खरंच आठवत नाही कुठं होता. माह्या सासूचा हात मी मोडला, असं समजून तिचे केस बांधून राह्यली मी."

"पोलिसात जायचं असंन, तं मी येतो मॅडम. जे सांगितलं, ते तिथंही सांगतो."

"ते आम्ही पाहू." मग त्या म्हणाल्या, "तुमी शाळेत या. उद्या, मधल्या सुट्टीत. तिथं सगळ्यांसमोर सांगा." आणि पहिल्यांदाच माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "सर असतीलच."

मी खाली बघितलं.

निघताना संघपाल गोजराबाईंपुढं वाकला. त्यांनी उजवा हात त्याच्या डोक्याकडं नेला, मग मध्येच थांबवला आणि मांडीवर परत ठेवला. "जाय बापा," म्हणाल्या.

सोमवारी तो आला. आमच्या स्टाफरूममध्ये चौदा माणसं. त्यानं दारात चपला काढल्या, टेबलाच्या कडेला उभा राहिला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. मॅडम आपल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या, जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत. तो गेला. मग आमच्यातले एक सर हळूच मला म्हणाले, "बाईले वाचवाले म्हणून राह्यला असंन. चांगला माणूस आहे." खोटं सगळ्यांनी पटकन मानलं आणि खऱ्याला ही किंमत.

मी मधली सुट्टी संपायच्या आत मॅडमकडं गेलो. "मॅडम, मीही हसलो होतो," म्हणालो. त्यांनी खडू उचलला. "सर, तास सुरू झाला," म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही.

पोलिसात तक्रार झाली नाही. का झाली नाही, ते मला माहीत नाही. हरीओम वर्षभर संघपालच्या शेडसमोरून जाताना मान वळवून जायचा. गोजराबाईंचा हात जुळला, पण खांद्याच्या वर जात नाही. केस बांधायला सून लागते.

गाडी विकली गेली नाही. जानेवारीत ताडपत्री निघाली. सुरुवातीला मॅडम फक्त गावातल्या गावात चालवायच्या, मग फाट्यापर्यंत, मग एक दिवस शाळेत आल्या. आम्ही खिडकीत होतो. कुणी काही बोललं नाही. दुरुस्तीला मात्र त्या गाडी वाशीमला नेतात.

संघपालचा धंदा बसला नाही, पण बदलला. जुगाडाची कामं घेऊन येणारे बंद झाले. "संघपालचा हात गेला आता," असं लोक म्हणतात. तो म्हणतो, "जाऊ दे." मोईनच्या दुकानात तो आता खोका उघडून पॅड बोटानं सरकवून बघतो आणि मगच घेतो. मोईन चहा मागवतो. पूर्वीसारखी थट्टा मात्र दोघंही करत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात वाशीम रोडवर, शेडपासून शंभर पावलांवर, मॅडमच्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. पुढं गोजराबाई बसलेल्या. ऊन रणरणत होतं आणि दुसरं गॅरेज जवळ नव्हतं. संघपाल जॅक घेऊन गेला. त्यानं राम राम केला नाही, त्याला कुणी केला नाही. स्टेपनी काढली, चाक बदललं, नट आवळले. मग भीत भीत विचारलं, "ब्रेक पाहू का एकदा?"

"नको," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी हात पुढं केला. त्याला आधी कळलं नाही काय पाहिजे. मग त्यानं हातातला पाना त्यांना दिला. मॅडम रस्त्याच्या कडेला खाली बसल्या आणि एकेक नट स्वतः आवळून पाहिला, चारही. साडीला धूळ लागली. संघपाल बाजूला उन्हात उभा होता. काम संपल्यावर त्यांनी पाना त्याच्या हातात परत दिला आणि गाडी सुरू केली. खिडकीतून गोजराबाईंनी त्याला पाण्याची बाटली दिली. त्यानं ती घेतली. गाडी गेल्यावर तो बराच वेळ ती न उघडता तिथंच उभा होता, असं मोईननं मला सांगितलं.